पाकळ्या नसलेली पेटी

मित्रांनो, सुरतेच्या लिंबायत भागातल्या एका बैठ्या चाळीत, तिसऱ्या खोलीच्या ओट्यावर, गोणपाटाने झाकलेली एक मोटारसायकल उभी आहे. तिच्या पोटातले जुने टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे मी. टाकीवरचे कंपनीचे नाव कधीच पुसले गेले आहे आणि मलाही ते सांगण्याची हौस उरलेली नाही. माझी कहाणी कारखान्यात सुरू झाली हे खरे. पण सांगण्यासारखे जे काही घडले, ते याच ओट्यावर घडले.

माझा जन्म १९६९ सालचा. एका बँकेतल्या साहेबांनी मला नवे घेतले. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यावर बसत आणि कचेरीच्या आवारात उतरताना रुमालाने माझी टाकी पुसत. पुढे त्यांनी स्कूटर घेतली. मग पाच वर्षे मी त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली उभे होते. मुले माझ्या सीटवर बसून तोंडाने 'भर्रर्र' आवाज काढत. तो आवाज आपला नाही, एवढेच मला कळत असे.

१९८८ साली बळीराम मला घेऊन गेले. ते मूळचे दोंडाईच्याकडचे, खानदेशातले. कतारगामच्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये ते जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्याला सुरात ठेवणारा माणूस. चोवीस माग एका वेळी खडखडत असताना कोणत्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा उशिरा धावतो, हे बळीराम कानाने ओळखत. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचे टोक यंत्रावर टेकवून मूठ ते कानाला लावीत, आणि यंत्राच्या पोटातले सारे त्यांना ऐकू येई. पहिल्याच दिवशी त्यांनी तो माझ्या अंगावर टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "परत थुंकस हाई." म्हणजे, हे उलटे थुंकते.

ते खरे होते. मित्रांनो, माझ्या जातीच्या इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना आपल्याच अंगाने त्या झाकतो आणि उघडतो. पिस्टन वर गेला की मी पेट्रोल आणि हवेचा घास आत ओढते. पण तो खाली येऊन खिडकी बंद करीपर्यंत त्यातला थोडा घास आल्या वाटेने बाहेर फेकला जातो. गाडी सावकाश चालली की हे अधिकच होते. हवेच्या गाळणीची डबी सडून गेलेली असल्यामुळे ते शिंतोडे थेट बळीरामांच्या उजव्या पायावर उडत. त्यांच्या पत्नी सरलाबाई धुणे धुताना रोज कुरकुरत, "या पँटले काडी लावी दिधी ना, तर स्टो पेटाडाले घासलेट लागाव नही!"

यावरचा उपाय बळीरामांना उधन्याच्या एका गॅरेजात सापडला. ते गॅरेज ललितचे. ललितही दोंडाईच्याचाच, वयाने पंधरा वर्षांनी लहान, हाताचा चपळ आणि जिभेचा त्याहून चपळ. एके रविवारी त्याने एका नव्या गाडीचे इंजिन उघडून ठेवले होते. त्यात बळीरामांना एक छोटीशी पेटी दिसली. तंबूसारख्या उतरत्या दोन बाजू आणि त्यांवर पोस्टकार्डाइतक्या पातळ चार पाकळ्या.

"हाई काय शे रे, ललित?"

"रीड आहे भाऊ. एकतरफी दरवाजा. आत येऊ देते, बाहेर जाऊ देत नाही."

बळीरामांनी बोटाने एक पाकळी उचलली. सोडताच ती टपकन मिटली. त्यांनी ती पुन्हा उचलली. "म्हणजे माझी गाडी जो घास थुंकते, तो ही थुंकू देणार नाही."

ललित खो-खो हसला. "भाऊ, तुमच्या त्या खटाऱ्याला रीड? म्हाताऱ्याला कवळी बसवल्यासारखं होईल!"

"कवळी बसवल्यावर म्हातारा जेवतोच ना रे?" बळीराम म्हणाले.

त्यानंतर दीड वर्ष, एकही रविवार न चुकवता, बळीराम माझ्यावर काम करीत राहिले. वेल्डिंग आणि लेथ ललितचे. डोके आणि कानस बळीरामांची. सिलिंडरचे तोंड त्यांनी घासून रुंद केले. पिस्टनच्या बाजूला खिडक्या पाडल्या. ॲल्युमिनियमची पेटी घडवून माझ्या आणि कार्बोरेटरच्या मध्ये बसवली. कानस चालत असताना मला वेदना होत, असे म्हटले तर खोटे ठरेल. घासून झाल्यावर ते प्रत्येक वेळी अंगठा फिरवून पाहत, आणि त्या अंगठ्यासाठी मी कितीही घासून घेतले असते.

पहिल्या पाकळ्या त्यांनी बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याच्या कापल्या. सचिन गावाच्या रस्त्यावर त्यांतली एक तुटली, तिचा तुकडा माझ्या आत शिरला आणि पिस्टनवर ओरखडा ओढून गेला. बळीरामांनी मला चार किलोमीटर ढकलत आणले. वाटेत मला बोल लावला नाही, स्वतःलाच म्हणाले, "पत्रा नको. पत्रा लवत नाही, तुटतो."

मग त्यांनी फायबरची पातळ शीट आणली. त्या दिवशी जे घडले, ते ध्यानात ठेवा. या शीटमध्ये कापडाचे थर दाबून बसवलेले असतात. बळीरामांनी ती उन्हात धरली आणि आतले धागे कोणत्या दिशेने गेले आहेत ते बराच वेळ पाहिले. कापडाच्या लांबीकडे ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि आडवे विणलेले धागे म्हणजे बाणा. ज्याचे आयुष्य मागांपुढे गेले, त्याला ते न दिसते तरच नवल. पाकळीची लांबी ताण्याच्या दिशेने येईल अशा बेताने त्यांनी नखाने रेघा आखल्या आणि मगच कात्री लावली. ललित शेजारीच बसून चहा पीत होता. बळीरामांनी काही लपवले नाही. ललितने काही विचारले नाही.

त्या चार पाकळ्यांनी माझा श्वास बदलला. आत आलेला घास आतच राहू लागला. चढावर मी धापा टाकीनासे झाले, पेट्रोल कमी पिऊ लागले आणि बळीरामांची पँट कोरडी राहू लागली. सिलिंडरच्या तोंडाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, बळीरामांनी कानशीने तीन बारीक खाचा पाडल्या. मन लावून जुळवलेल्या प्रत्येक मागावर ते अशाच खाचा पाडीत. ती त्यांची सही होती.

याच सुमारास त्यांचे कान जाऊ लागले. वीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे आणखी काय होणार? डॉक्टरांनी सांगितले, शेड सोडा, नाहीतर उरलेलेही जाईल. पण शेड सोडून पंचेचाळिसाव्या वर्षी जायचे कुठे? तेव्हा ललितच म्हणाला, "भाऊ, माझ्या गॅरेजवर या. आपण जुन्या गाड्यांना रीड बसवून देऊ. सुरतेत दुसरा कोणी करत नाही. पाटीवर दोघांची नावं लिहू. आधी तुमचं, मग माझं."

बळीरामांनी ते ऐकण्यासाठी हात कानामागे धरला होता. ऐकून झाल्यावर त्यांनी तोच हात ललितच्या हातात दिला; दिवाळीनंतर शेड सोडायची, असे ठरले.

त्या वर्षी, म्हणजे १९९४ च्या श्रावणात, घरी कानबाई देवी बसली. खानदेशातली माणसे कुठेही गेली तरी कानबाईला विसरत नाहीत. बळीरामांच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि त्यांचे नैवेद्याचे जाड रोट करायचे. तो प्रसाद भाऊबंदांखेरीज कोणाला देत नाहीत. सरलाबाई ओट्यावर सूप घेऊन मुठी मोजत होत्या.

"ललितनी बी मूठ टाक," बळीराम म्हणाले.

सरलाबाईंचा हात थांबला. "ललित? तो आपला भाऊबंद कधय व्हयना?"

"आते व्हयना." आता झाला.

"मंग या गाडीना नावनी बी टाकू का?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "दर रविवारले तिलेच तर पूजतस तुम्ही."

बळीराम हसले. सरलाबाईंनी ललितची सव्वा मूठ सुपात टाकली. दुपारी ललित पाटावर, बळीरामांच्या मांडीला मांडी लावून बसला आणि रोट जेवला. निघताना त्याने सरलाबाईंच्या पाया पडून त्यांना 'वहिनी' म्हटले. मी हे सारे पाहत होते. मलाही त्याचा हात घरचा वाटू लागला.

महिन्याभराने शहरात प्लेगची बातमी पसरली. तोंडाला फडके बांधून माणसे स्टेशनाकडे धावत होती. बळीरामही घरच्यांना घेऊन गावी निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी मला ललितच्या गॅरेजात लावले आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

"सांभाळ रे."

"गाडी नाही भाऊ, माझी वहिनीच समजा," ललित म्हणाला. घाईच्या त्या वेळीही बळीरामांना हसू आले.

शहर शांत झाले. आठ दिवसांनी ललितने पाना घेतला आणि माझ्या सिलिंडरचे नट सोडू लागला. मला वाटले, साफसफाई करत असेल. मित्रांनो, मी जराही अडले नाही. एक नट गंजलेला होता, तोसुद्धा मी सहज सुटू दिला. त्याने माझे सिलिंडर उचलले, पिस्टन काढला, पेटीतल्या चार पाकळ्या काढल्या. शेजारी सुट्या भागांचा एक व्यापारी उभा होता.

"आ कोणे बनाव्युं?" त्याने गुजरातीत विचारले. हे कोणी बनवले?

"में ज, शेठ. मीच. माझंच डोकं आहे हे. दीड वर्ष घालवलं."

"पेलो जॉबर आवतो हतो ने?" तो जॉबर यायचा ना?

"तो? तो कानस घासायला यायचा."

त्या वेळी माझे पोट उघडे होते आणि त्यात ऊन पडत होते. कोणत्याही इंजिनाने आपल्या आतली पोकळी अशी उन्हात पाहू नये. ललितने भंगारातले एक झिजलेले सिलिंडर आणि पिस्टन माझ्यावर चढवले. बाहेर तशीच दुसरी पेटी बसवली. आत मात्र एकही पाकळी नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला मी पूर्वीसारखेच दिसत होते.

दिवाळीनंतर बळीराम परतले. त्यांनी किक मारली आणि मी सुरू झाले. त्यांनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. मी जिवाच्या आकांताने थुंकत होते, आत काही नाही म्हणून सांगत होते. पण गावी असताना त्यांना ताप आला होता आणि त्या तापात उरलेसुरले ऐकू येणेही जवळजवळ गेले होते. त्यांनी मान हलवली. "सुस्त झाली बिचारी. दोन महिने उभी होती ना."

ज्या माणसाने माझा बारीकसा खोकलाही ओळखला होता, त्याला माझी हाक ऐकू येत नव्हती. ललितने माझे सिलिंडर नेले त्याहून हे मला अधिक लागले. बळीरामांचा यात काय दोष? तरीही लागले.

खरे उघड केले ते सरलाबाईंनी. तिसऱ्या दिवशी त्या मोरीतून म्हणाल्या, "अहो! पँटले पेट्रोलना वास येस परत!"

बळीरामांना ऐकू आले नाही. त्या पुन्हा ओरडल्या. मग ती ओली पँट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

बळीरामांनी वास घेतला. आधी पँटकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनी मला सुरू केले, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्याची लाकडी मूठ त्यांनी दातांत घट्ट धरली आणि टोक माझ्या अंगावर टेकवले. माझी थरथर त्यांच्या दातांतून जबड्यात आणि जबड्यातून डोक्यात शिरली. दोन महिन्यांनी मला कोणीतरी ऐकत होते. बळीरामांचे डोळे विस्फारले. दातांतली मूठ न सोडताच ते पुटपुटले, "थुंकस... परत थुंकस."

त्यांनी मला बंद केले आणि पेटीचे चार स्क्रू काढले. आत काही नव्हते. त्यांनी सिलिंडरच्या तोंडाखाली बोट फिरवले. तिथे खाचा नव्हत्या.

आम्ही उधन्याला गेलो. गॅरेजवर नवी पाटी लागली होती, 'ललित रीड वर्क्स'. चार-पाच गिऱ्हाइके बाकावर बसली होती आणि पुढे एक चकचकीत पॉलिश केलेली जुनी मोटारसायकल नमुना म्हणून उभी होती.

"माझं सिलिंडर कुठे आहे रे?" बळीरामांनी विचारले.

ललितने गिऱ्हाइकांकडे पाहून आवाज खाली आणला. "तडा गेला होता भाऊ. बदललं."

"काय?"

"तडा गेला होता."

"ऐकू येत नाही रे. मोठ्याने बोल."

"तडा गेला होता! तडा!" ललितला ओरडावेच लागले. बाकावरची माणसे वळून पाहू लागली.

"मग ते फुटकं दाखव."

"भंगारात दिलं."

"काय?"

"भंगारात दिलं म्हणतोय ना!"

खोटे हळू बोलता येते, मित्रांनो. ललितला ते रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या जोराने बोलावे लागले. बळीराम त्या चकचकीत गाडीपाशी गुडघ्यांवर बसले. त्यांनी तिच्या सिलिंडरच्या तोंडाखाली बोट घातले आणि ते तिथेच थांबले. मग त्यांनी ललितचा हात धरला, त्याचे बोट तिथे नेले आणि एकेका खाचेवरून फिरवले. एक. दोन. तीन.

ललितने हात ओढून घेतला. "अशा खाचा कोणीही पाडील. कागद आहे का तुमच्याजवळ? आणि हे शेठला विकलंय, आज नेणार आहेत ते."

हे बळीरामांना ऐकू आले की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पाटीकडे पाहिले. तिच्यावर दुसरे नाव मावेल इतकी जागाही ठेवलेली नव्हती.

"पाटी चांगली रंगवली," ते म्हणाले. मग मला सुरूही न करता ढकलत लिंबायतपर्यंत आणले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शेडमध्ये गेले.

पुढच्या श्रावणात सरलाबाई सूप घेऊन ओट्यावर बसल्या. मुठी मोजून झाल्या आणि त्यांचा हात गव्हात तसाच राहिला. त्या घरात मूठ कमी होते ती फक्त माणूस गेल्यावर. त्यांनी बळीरामांकडे पाहिले. बळीरामांनी मान हलवली. तेव्हा त्यांनी ती मूठ पुन्हा पोत्यात सोडली आणि तळव्याला चिकटलेले दाणेही झटकले. त्या वर्षी त्यांनी माझ्यावरून थट्टा केली नाही.

आणि त्याच दुपारी ललित आला. ओट्याखाली उभा राहिला. त्याच्या हातात फायबरची शीट होती.

"भाऊ, पाकळ्या तुटतात," तो म्हणाला.

"काय?"

"पाकळ्या तुटतात! सगळ्यांच्या! सचिनच्या रस्त्यावर एक माणूस पडला, हात मोडला त्याचा! मला जमत नाही, भाऊ!" सारी चाळ दारात आली. या वेळी तो जे ओरडत होता, त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

सांगू नका, असे मी मनात म्हणत होते. माझ्या रिकाम्या पेटीतून मला दुसरे काही सुचतच नव्हते. बळीरामांनी हात पुढे केला, शीट घेतली आणि उन्हात धरली.

"हे बघ. धागे दिसतात? हा ताणा. पाकळी अशी उभी काप." त्यांनी नखाने रेघ ओढली. "तू आडवी कापतोस. आडवी कापशील, तर आणखी माणसं पडतील."

ललितने शीट घेतली, पण तो गेला नाही. घरातून रोटांचा खमंग वास येत होता. गेल्या वर्षी याच वेळी तो आत पाटावर बसला होता. त्याने दाराकडे पाहिले. सरलाबाई दारात उभ्या होत्या. त्या बाजूला सरल्या नाहीत.

"वहिनी," तो म्हणाला.

"घरमा रोट शे," बळीराम म्हणाले. "तू आते निघ."

त्यानंतर ललितच्या पाकळ्या तुटल्याचे ऐकिवात नाही. पाटीवर अजूनही एकच नाव आहे. बळीरामांनी माझ्यासाठी पुन्हा कानस उचलली नाही; ते आता बसने शेडला जातात आणि वाटेत कोणी हाक मारली तर वळत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या हाती एखादी सुरेख चालणारी वस्तू आली, तर तिला तेलपाणी कराच. पण तिच्यावर एकदा बोटही फिरवा. कोणीतरी कुठेतरी खाच पाडून ठेवलेली असते. ती सापडली, तर त्या माणसाचे नाव विचारा आणि मोठ्याने सांगा, कारण कदाचित त्याला स्वतःला ते ऐकू येत नसेल.

दर रविवारी बळीराम माझ्यावरचे गोणपाट काढतात. मला सुरू करतात, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरतात आणि टोक माझ्या अंगावर टेकवतात. मी थुंकते. त्यांचा उजवा पाय भिजतो, पण ते तो मागे घेत नाहीत.

"थुंक," ते म्हणतात. "तू तरी खरं सांगस."